खारवेळचं पान

राऊळ नको म्हणाले.

फोन स्पीकरवर होता, जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला. त्यामुळं चौघांनीही ते ऐकलं. वनमालाबाईंनी ऐकलं, त्यांचे धाकटे दीर नारायणराव यांनी ऐकलं, नारायणरावांचा मुलगा गुरुप्रसाद आणि त्याची बायको मैथिली, त्या दोघांनीही ऐकलं. यजमानानं आपल्या पुरोहिताला येऊ नका म्हणावं, हे तुळजापुरातल्या त्या घरानं चार पिढ्यांत ऐकलं नव्हतं.

पण हे मधूनच सुरू झालं. थोडं मागं जायला पाहिजे. फार न्हाय, आठ दिवस.

*

आठ दिवसांपूर्वी गाडी तयार झाली.

गुरुप्रसादनं शाळेची एक जुनी बस घेतली होती. उमरग्याला हायवेच्या कडेला कल्याणप्पा ट्रकच्या बॉड्या बांधतात. त्यांनी सहा महिने खपून बसमधली बाकं काढली, चार जणांच्या झोपायच्या फळ्या बसवल्या, गॅसचा ओटा केला, टपावर पाण्याची टाकी चढवली, मागच्या कोपऱ्यात संडास बसवला. बाहेरचा पिवळा रंग जाऊन निळा आला. आत मागच्या काचेवर मात्र 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही अक्षरं तशीच राहिली. ती पुसू नका, असं मैथिलीनंच सांगितलं. तिला ती आवडली होती.

गुरुप्रसाद तिला कॅरॅव्हॅन म्हणायचा. नारायणराव वऱ्हाडाची गाडी म्हणायचे. कल्याणप्पा मने गाडी म्हणायचे.

"मने म्हंजे आमच्या कानडीत घर," किल्ली देताना ते वनमालाबाईंना म्हणाले. "आता तुमाला कुणाच्या दारात जायची गरज न्हाय, काकू. हिला जिथं उभी कराल तेच तुमचं गाव."

वनमालाबाईंना साठ वर्षं पूर्ण झाली होती. म्हणून गुरुप्रसादनं जाहीर केलं, की गाडीची पहिली फेरी समुद्रावर, नोव्हेंबरच्या सात तारखेला. आणि कुठला समुद्र, ते काकूंनी ठरवायचं.

"आम्ही तोंड उघडणार नाही," तो म्हणाला.

"तू?" मैथिली म्हणाली.

वनमालाबाई हसल्या. आजवर त्यांनी ठरवलेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आज भाजी कुठली. बाकीचं सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. लग्न वडिलांनी ठरवलं. आणि वैधव्य

*

भूकंपानं ठरवलं. ते एका ओळीत सांगून टाकलेलं बरं. १९९३ च्या सप्टेंबरात, गणपती बोळवले त्याच दिवशी, त्यांचे पती श्रीनिवासराव उमरग्याकडच्या एका गावी सत्यनारायण सांगायला गेले. तिथंच मुक्काम केला. पहाटे जमीन हलली. ज्या घरात ते उतरले होते त्याचा दगडमातीचा ढीग झाला. त्या दिवसांत कोण कुणाचं हे न बघता चिता पेटल्या. श्रीनिवासरावांची पिशवी सापडली. पिशवीत पोथी होती, अर्ध्या नारळाची वाटी होती. पंचनाम्यात नाव चढलं.

वनमालाबाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. मूल नव्हतं. नारायणरावांची बायको पुढं आजारपणात गेली, तेव्हा दोन वर्षांचा गुरुप्रसाद त्यांच्या पदरात आला. मग त्यांनी देवीला येणाऱ्या यजमानांचा स्वयंपाक केला, पानं वाढली, आणि नारायणरावांचं अक्षर कुणालाच लागत नसे म्हणून यजमानवही लिहिली.

बत्तीस वर्षं. एवढंच.

*

तर समुद्र ठरवायचा होता. त्या घरात कुठलंही गाव वहीतूनच कळतं. गावोगावचे यजमान दर्शनाला येतात, घरी उतरतात, वहीत त्यांच्या गावाचं पान असतं. नकाशा बघायची त्यांना कधी गरज पडली नाही. वनमालाबाईंनी चष्मा लावला आणि वहीतले किनारे काढले.

समुद्र पहिला: श्रीवर्धन.
"या लोकांनी ओले पंचे गादीवर वाळत घातले होते," वनमालाबाई म्हणाल्या. "दोनदा."
काट.

समुद्र दुसरा: गोकर्ण.
हा वहीत नव्हता, कल्याणप्पांनी फोनवरून घुसवला. "शिवाचं दर्शन बी हुतंय आन् पोहणं बी हुतंय."
"देव बघून बघून डोळे दुखले," वनमालाबाई म्हणाल्या. "मला नुसतं पाणी बघायचंय."
नारायणरावांनी कान झाकल्यासारखं केलं.
काट.

समुद्र तिसरा: खारवेळ, तालुका वेंगुर्ले.

इथं त्यांचं बोट थांबलं. खारवेळचे दत्ताराम राऊळ दरवर्षी शाकंभरी नवरात्रात येत. आधी त्यांचे वडील यायचे. आल्यावर पिशवीतून एक वेगळी पुडी काढायचे, "हे वहिनींना." आमसुलं, फणसपोळी, कधी पातळ कापलेले वाळवलेले गरे. बाकीच्यांना प्रसाद, वहिनींना पुडी. वनमालाबाईंनी एकदा वाढता वाढता विचारलं होतं, समुद्र कसा असतो हो. राऊळ जरा वेळ खाली पानाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सकाळी लांब जातो, वहिनी. संध्याकाळी परत दारात येतो. हाक मारावी लागत नाही."

हे त्यांनी दहा वर्षं जपून ठेवलं होतं.

"खारवेळ," वनमालाबाई म्हणाल्या. आपला आवाज इतका ठाम येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "मी ठरवलं. खारवेळ."

आणि आठव्या दिवशी फोनही त्यांनीच लावला.

*

"वहिनी बऱ्या?" राऊळ खुशीत होते.

"बरी आहे. आम्ही येतोय, दत्तारामभाऊ. सात तारखेला. आमचीच गाडी आहे, झोपायचं गाडीतच. तुमच्या अंगणात नुसती उभी करू."

पलीकडं कोंबडा आरवला.

"दत्तारामभाऊ?"

"नको," राऊळ म्हणाले.

वनमालाबाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी फोनकडं वाकून बघितलं.

"म्हणजे, रस्तो बरो नाय," राऊळ घाईनं बोलायला लागले. घाईत ते मालवणीत घसरायचे. "पुलाचा काम चालू असा. आणि जेलीफिश इलेत किनाऱ्यार. अंगाक लागले तर फोड येतत. तुम्ही मालवणाक जावा, वहिनी. तारकर्ली बघा. लोकां विमानान येतत तारकर्लेक. हय काय असा? हय काय्येक नाय."

फोन बंद झाला.

मैथिलीनं तोवर आपल्या मोबाइलवर खारवेळ काढलंही होतं. पूल मागच्या वर्षीच पुरा झालेला. मागच्या रविवारचे किनाऱ्यावरचे फोटो, पोरं गुडघाभर पाण्यात. एकाच्याही अंगावर फोड नाही.

"खोटं बोलले," ती म्हणाली.

"राऊळ खोटं बोलत नसतात," नारायणराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "श्रीवर्धनचे म्हणतात एकदा या. देवगडचे म्हणतात एकदा या. राऊळ..."

ते थांबले. वनमालाबाईंनाही त्याच वेळी आठवलं. राऊळ कधीच या म्हणाले नव्हते. दोन पिढ्यांत एकदाही नाही. त्यांच्या बाजूचं 'या' वनमालाबाईंनी स्वतःच भरून घेतलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणराव अंघोळ करून आले ते निदान घेऊनच.

"आपल्या हातून संकल्पात चूक झालीय," ते म्हणाले. "कुणाचं तरी गोत्र चुकलं असंल, नाव राहिलं असंल. त्यांच्या घरात काही अघटित झालं असंल, आणि भिडस्त माणूस, तोंडावर बोलत नाही. वही आणा, वहिनी."

"बाबा, जेलीफिश गोत्र बघत नाहीत," मैथिली म्हणाली.

"तू बघ तुझा मोबाइल."

यात हसण्यासारखं काही नव्हतं, निदान त्यांच्यासाठी. त्यांच्या वडिलांचा कडक नियम होता: जगात हाक मारतात ते नाव जिवंत माणसाच्या अभिषेकाला चालत नाही. त्याला नावरस नाव पाहिजे, जन्मनक्षत्राच्या अक्षरावरून ठेवलेलं. ते नाव मुंजीत एकदा आणि लग्नात एकदा उच्चारतात, एरवी घरात कुणाच्या लक्षातही राहत नाही. मेलेल्यांचं उलटं. श्राद्धाला जगानं हाक मारली तेच नाव. म्हणून वहीत दोन रकाने: व्यवहारातलं नाव, नावरस नाव.

वनमालाबाई वाचत गेल्या, नारायणराव डोळे मिटून अक्षरं ताडून बघत गेले.

दत्ताराम | नागेश | अनुराधा | काश्यप

"अनुराधा. ना, नी, नू, ने. नागेश. बरोबर."

सौ. सुनंदा | पूर्णा | हस्त | काश्यप

"पू, ष, ण, ठ. बरोबर."

मंगेश | लक्ष्मण | अश्विनी | काश्यप

"चू, चे, चो, ला. बरोबर."

                | वासुदेव | रोहिणी | मुद्गल | देवळातले गुरुजी, येत नाहीत

या चौथ्या ओळीचा पहिला रकाना कोरा होता. पहिल्यापासून कोराच. राऊळांच्या गावात देवळात पूजेला असणारे कुणी गुरुजी. राऊळ दरवर्षी त्यांच्या नावानं अभिषेक करवून घेत, नावरस नाव सांगत, व्यवहारातलं नाव आपल्याला ठाऊक नाही म्हणत. गोत्र या घराचंच, मुद्गल. नारायणरावांनी एका वर्षी कौतुकानं म्हटलंही होतं, आपलाच गोत्रज दिसतोय कुणी, कोकणात जाऊन पडलाय.

"रोहिणी. ओ, वा, वी, वू," नारायणराव म्हणाले. "वासुदेव. बरोबर. दादाचंही रोहिणीच होतं. पुढं वाचा."

वनमालाबाईंनी पुढं वाचलं नाही.

पुढं काही नव्हतंच. ती शेवटची ओळ होती. नारायणरावांनी डोळे उघडले. वहिनींचं बोट कोऱ्या रकान्यावर होतं.

"वहिनी?"

त्या उठल्या. आत गेल्या. स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅस बंद केला. गॅस बंदच होता. मग माळ्याखालची पत्र्याची पेटी ओढली. पेटीतल्या पत्रिकेत काय लिहिलंय ते त्यांना बघायची गरज नव्हती. लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी ती पत्रिका मोठ्यानं वाचून दाखवली होती. एकोणीस वर्षांच्या मुलीनं होणाऱ्या नवऱ्याचं ते दुसरं नाव ऐकून तोंड वाकडं केलं होतं. म्हाताऱ्याचं नाव वाटतंय म्हणाली होती.

तरी त्यांनी पत्रिका काढली. कोपऱ्यांना हळद. घड्यांवर फाटलेली.

चि. श्रीनिवास.
नावरस नाव वासुदेव.
रोहिणी, चरण दुसरे. मुद्गल गोत्र.

त्यांनी ती बाहेर आणून वहीच्या बाजूला ठेवली. वहीतलं अक्षर त्यांचं स्वतःचं. मागचं पान उलटलं, गेल्या साली वासुदेव. त्याच्या मागचं, वासुदेव. दरवर्षीची नवी ओळ, दरवर्षी त्यांच्याच हातची, वळणदार. द ला खाली जरासा फाटा. वासुदेव. वासुदेव. वासुदेव.

बाहेर गल्लीत कवड्यांच्या माळा विकणारी बाई कुणाशी तरी घासाघीस करत होती.

गुरुप्रसादला सगळ्यांत उशिरा कळलं. त्यानं पत्रिका वाचली, वही वाचली, परत पत्रिका वाचली.

"काका?" तो म्हणाला.

नारायणराव खुर्चीत खचल्यासारखे बसले होते. "पितृपक्षात घातचतुर्दशीला पिंड दिला मी त्याला," ते म्हणाले. "महिना झाला नाही अजून. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. मी म्हटलं, दादा तृप्त आहे." ते आपल्या तळहातांकडं बघत होते. "आणि पौषात ह्याच तोंडानं दीर्घायुष्य मागत होतो. त्याचंच."

"योगायोग असेल, बाबा," मैथिली म्हणाली. पण तिनंही ते हळूच म्हटलं. रोहिणीवर, मुद्गल गोत्राचा, वासुदेव नावाचा दुसरा माणूस जगात असूच शकतो. पण राऊळ त्याच्यासाठी खोटं कशाला बोलतील?

*

फोन परत वनमालाबाईंनीच लावला. आता तो बरणीला टेकवला नाही. वहीवर, त्या ओळीवर ठेवला. स्पीकर चालूच.

राऊळांनी नमस्कार म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "जिवंत आहेत का?"

गुरुप्रसादनं वाकून फोन लागलाय का ते बघितलं.

"असत," राऊळ म्हणाले.

वनमालाबाईंनी टेबलाची कड धरली.

मग राऊळ बोलले. तुटक, मध्ये थांबत, एखादं वाक्य अर्धं टाकून दुसरं धरत. भूकंपानंतर नवव्या दिवशी श्रीनिवासराव खारवेळला आले. चप्पल नव्हती, केसांत माती. त्या पहाटे परसाकडं म्हणून शेतात गेले होते. परत वळले तर घर नव्हतं. हातांनी माती उकरली. ज्यांच्या घरी कथा सांगितली त्या घरातली अकरा माणसं. लहान मुलगी हाताला लागली, ती गेलेलीच. तिथून जे चालत सुटले ते कुठं थांबलेच नाहीत. राऊळांचे वडील यजमान, म्हणून त्यांचं घर ठाऊक. मी मेलोय एवढंच म्हणाले. कुणाला सांगितलंत तर समुद्रात जाईन म्हणाले.

"बाबा पौषात तुमच्याकडं आले ते सांगायलाच आले होते," राऊळ म्हणाले. "तुम्ही वाढत होतात, वहिनी. मोकळ्या कपाळानं. बाबांच्यान बोलवेना. म्हणाले पुढच्या वर्षी सांगू. मग पुढचं वर्ष आलं. मग बाबा गेले. मग माझी पाळी आली, आणि किती वर्षं झालीत तेच..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

"आणि पुडी?" वनमालाबाईंनी विचारलं.

"ती ते बांधतत."

वनमालाबाई उभ्या राहिल्या आणि परत बसल्या. बत्तीस वर्षं त्यांनी ती आमसुलं सोलकढीत घातली होती. त्या कढीला राऊळांची कढी म्हणत. सगळ्यांना वाढून उरली तर स्वतः प्यायच्या. त्यांना एकदम तोंड धुवावंसं वाटलं. आणि लगेच, वाटीभर कढी प्यावीशी वाटली. दोन्ही एकदमच.

नारायणराव फोनकडं सरकले. "राऊळ, तुम्ही आमच्या पानावर बसून जेवलात."

"होय, गुरुजी."

"माझ्याकडून माझ्याच भावाचा अभिषेक..."

"भाऊजी," वनमालाबाई म्हणाल्या. नारायणराव मागं सरकले. या घरात त्यांना वहिनींनी कधी अडवलं नव्हतं.

मैथिली हळूच म्हणाली, "काकू, आपण दुसरीकडं जाऊ. कुठंही. गोकर्ण चालेल. किंवा जायलाच नको."

वनमालाबाईंनी तिच्याकडं बघितलं. पोरीचं मन चांगलं होतं. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही नवं होतं. त्यांनी आयुष्यात एक गोष्ट ठरवली होती. एकच. आठ दिवस त्या गोष्टीवर त्या जगत होत्या. भाकरी थापताना, पाणी भरताना, संध्याकाळी दारात येणारं ते पाणी डोळ्यासमोर आणत होत्या. बत्तीस वर्षं हा माणूस नव्हता. आणि आता तो होता, तर नेमका त्यांच्या समुद्राच्या वाटेत उभा होता.

"दत्तारामभाऊ," त्या म्हणाल्या, "समुद्र तुमच्या नावावर आहे का?"

"नाही, वहिनी."

"त्यांच्या?"

"नाही."

"मग त्यांना सांगा, आम्ही सात तारखेला येतोय. मी खारवेळ ठरवलंय. मी त्यांना बघायला येत नाही. पाणी बघायला येतेय. त्यांना जायचं असलं तर जाऊ दे." त्या थांबल्या. "त्यांना सवय आहे."

गुरुप्रसादनं मान खाली घातली.

पलीकडं काहीतरी सरकल्याचा आवाज आला. पाट असावा. राऊळ कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलले. मग म्हणाले, "वहिनी, ते हयच बसलेत. काल तुमचो फोन इलो त्याच्यामागसून ते उठलेच नाय."

आणि दुसरा आवाज आला. म्हातारा, कोरडा. बोलायच्या आधी घसा दोनदा खाकरायची सवय मात्र तीच होती.

"गाडी किती फुटी आहे?"

नारायणराव खुर्चीतून ताडकन उभे राहिले. थोरला भाऊ बोलायला लागला की धाकट्यानं बसायचं नाही, ते त्यांच्या पायांना अजून आठवत होतं.

बत्तीस वर्षांत वनमालाबाईंनी या माणसाला काय काय विचारलं होतं, मनातल्या मनात, भांडी घासताना, घातचतुर्दशीच्या खिरीत साखर घालताना. त्यांतल्या एकाचंही हे उत्तर नव्हतं. त्यांनी गुरुप्रसादकडं बघितलं. त्यानं नुसते ओठ हलवले.

"बावीस," त्या म्हणाल्या.

"फाटकातून वळायची न्हाय," तो आवाज म्हणाला. कोकणात इतकी वर्षं काढून त्याचं 'न्हाय' तुळजापूरचंच राहिलं होतं. "कुंपणाचा एक खांब काढावा लागंल. काढून ठेवतो."

"काढू नका," वनमालाबाई म्हणाल्या. "आम्ही अंगणात येत नाही. आमची गाडी पाण्याजवळ उभी राहील."

पलीकडून फोन ठेवला गेला नाही. कोंबडा परत ओरडला. वनमालाबाईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग पदरानं फोनची काच पुसली आणि लाल खुणेवर बोट ठेवलं.

"मैथिली, गाडीत घडीच्या खुर्च्या किती घेतल्यात?"

"चार, काकू." मैथिली अडखळली. "पाचवी..."

"चारच," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटली, पत्रिका आतच राहू दिली, आणि भाजी कुठली करायची ते बघायला आत गेल्या.

नारायणराव अजून उभेच होते.